हंगामाची उधारी

साखर कारखान्यात फोटो काढण्यासारखे दिवस वर्षात तीन. पावसाळ्याच्या तोंडाला मिल रोलरचं पूजन, दसऱ्याच्या आगेमागे बॉयलरचं अग्निप्रदीपन आणि त्यानंतर गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ. तिन्ही वेळा मांडव, सत्यनारायण, चेअरमन, संचालक, एखादे महाराज आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार कॉलमांचा फोटो. रोलर पूजनाच्या फोटोत रोलरला झेंडूचा हार असतो. तो कित्येक टनांचा रोलर क्रेननं आणून, खाली लाकडी ठोकळे सारून, गादीवरचं ग्रीस पुसून, नारळाचं पाणी बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून त्यावर बारदान टाकून जो बाजूला झालेला असतो तो माणूस फोटोत नसतो. मस्टरवर त्याची नोंद 'मदतनीस, मिल हाऊस' अशी. बोलताना हेल्पर. पुढं मी फिटर झालो, पण जे काही शिकलो ते हेल्पर असतानाच.

कारखाना कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातला, सहकारी, तेव्हा रोजचं गाळप अडीच हजार टन. मी 1989 च्या हंगामात लागलो. हाताशी आयटीआयचं फिटर ट्रेडचं सर्टिफिकेट होतं. आयटीआयत आम्हाला कानशीनं लोखंड घासायला शिकवलं होतं. चौकोनात चौकोन असा बसवायचा की उजेडाला धरल्यावर फटीतून रेघ दिसता कामा नये. मिल हाऊसमध्ये पहिल्या दिवशी कानस कुणी मागितली नाही. आमच्या पाळीचे मिल फिटर तात्या. त्यांनी एक टॉर्च दिला, एक चिंधी दिली आणि म्हणाले, "आठ दिस कशाला हात लावायचा न्हाय. नुस्तं बघायचं, आणि पुसायचं."

पुसायचं का, ते नंतर कळलं. तेलानं माखलेल्या यंत्रावर नवी गळती दिसत नाही. पुसून ठेवलेल्या गिअर बॉक्सच्या सांध्यावर सकाळी ओल दिसली तर ती रात्रीतली असते. भेग पुसल्याशिवाय सापडत नाही, सैल झालेला बोल्टही त्याच्याभोवतीच्या पुसट काळ्या कडेवरून ओळखू येतो. बाहेरचा माणूस समजायचा, पोरगं सफाईला ठेवलंय. साहेब लोकांतही असं समजणारे होते.

हेल्परनं पाना द्यायचा असतो, ही कामाची सगळ्यात ढोबळ व्याख्या. ती खोटी नाही. फक्त मागण्याआधी द्यायचा असतो. 12 चा बोल्ट म्हणजे 19 चा पाना, 16 चा म्हणजे 24 चा, 20 चा म्हणजे 30 चा, इथवर सोपं. पण जुनी यंत्रं इंची मापाची. तिथं सगळा कारभार सुतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण. त्यात मधल्या काळात कुणी आटे मारून मेट्रिक बोल्ट बसवलेले. एकाच फाउंडेशनवर तीन बोल्ट सुतातले आणि चौथा मिलिमीटरमधला, हे कुठल्याही ड्रॉइंगवर सापडत नाही. ते फिटरच्या डोक्यात असतं आणि फिटर रिटायर झाला की त्याच्याबरोबर घरी जातं. हेल्परनं ते त्याआधी उचलायचं. चेन ब्लॉकची साखळी कुठल्या बीमवर टाकायची, पहार कुठून घातली तर तरफ मिळते, घण घ्यायचा की पितळी हातोडी, कपलिंगची चावी कुठल्या बाजूनं ठोकून निघते, सगळं तसंच.

मिल हाऊस ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गव्हाणीतून ऊस वर चढतो, सुऱ्यांखाली त्याचे तुकडे होतात, पुढं फायब्रायझरमध्ये त्याचा भुसा होतो आणि तो भुसा ओळीनं मांडलेल्या चार मिलमधून जातो. प्रत्येक मिलला तीन मोठे रोलर, वर एक आणि खाली दोन. ते मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात. नवखा माणूस म्हणतो, किती सावकाश चाललंय. पण वरच्या रोलरवर हायड्रॉलिकनं शेकडो टनांचा दाब दिलेला असतो. एका मिलमधून दुसऱ्या मिलमध्ये भुसा न्यायला इंटरकॅरियर, शेवटच्या मिलआधी वरून गरम पाण्याची धार, खाली रसाच्या नाली, हवेत उसाचा गोडसर आंबूस वास, पायाखाली चिकट. भुशातला रस शेवटपर्यंत ओरबाडून निघाला की उरतो तो बगॅस. तो बॉयलरला जातो, त्याचीच वाफ होते, त्याच वाफेवर कारखाना चालतो. उसाच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून जास्त बगॅस निघतो आणि निम्मं वजन पाण्याचं असूनही तो पेटतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते खरं वाटलं नव्हतं.

या सगळ्यातून तासातासाला एक फेरी. तात्या पुढं, मी मागं. प्रत्येक बेअरिंगवर ते आधी हाताची पाठ टेकवायचे, मग तळवा. आधी तळवा टेकवला आणि घर तापलेलं असलं तर हात भाजतोच, शिवाय झटका बसून तो आत फिरत्या भागाकडं जाऊ शकतो. तळवा टेकून स्वस्थ ठेवता आला तर ठीक. उचलावासा वाटला तर पुढच्या फेरीला लक्ष. टेकवताच आला नाही तर फोरमनला बोलवायचं. मग लोखंडी सळई. एक टोक बेअरिंगच्या घरावर, दुसरं कानामागच्या हाडावर. एवढ्या गोंगाटातही सळईतून फक्त त्या एकाच बेअरिंगचा आवाज येतो. चांगलं बेअरिंग सलग बोलतं. बिघडायला लागलेलं ठराविक फेऱ्याला अडखळतं. पहिले काही आठवडे मला सळईतून नुसती घरघर ऐकू यायची. तात्या विचारायचे, "काय म्हंतंय?" मी म्हणायचो, "काय न्हाय." एके पहाटे, चार ते बाराच्या पाळीला, तीन नंबर मिलच्या टेल साइडला मी म्हणालो, "तात्या, हितं मधीच काय तरी खरडतंय." त्यांनी सळई घेतली, ऐकलं, परत दिली आणि पुढं चालू लागले. शाबासकी वगैरे काही नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांनी मला विचारायचं थांबवलं. फेरी झाली की मीच सांगायचो.

आता हंगामातल्या दुरुस्तीचं. अडीच हजार टन चोवीस तासांत म्हणजे ताशी शंभर टनांच्या वर ऊस. मिल तासभर थांबली की यार्डात दोन-अडीच टनांच्या चाळीस बैलगाड्या वाढल्या. बैल उभे, गाडीवान शिव्या घालणार, ऊस वाळणार. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक उतरते, चोवीस तासांच्या आत तो गाळला तरच उतारा टिकतो. शिवाय रसानं ओली मिल नुसती उभी राहिली की नालीत पांढरट बुळबुळीत गोळे धरतात. ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू साखर खाऊन ते तयार करतात, ते गाळणीत अडकतात आणि लॅबवाले धावत येतात. म्हणून मिल थांबली की पहिला प्रश्न 'काय झालं' हा नसतो. 'किती वेळ' हा असतो. दुसरा प्रश्न, ही मिनिटं कुणाच्या खात्यावर. रोजच्या रिपोर्टात स्टॉपेजचे रकाने असतात: मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रोसेस, नो केन. एखादी मोटर जॅम होऊन फ्यूज उडाला तर तो फ्यूज इलेक्ट्रिकलचा की जॅम झालं म्हणून मेकॅनिकलचा, यावर मी दोन शिकल्यासवरल्या साहेबांना रात्री अडीच वाजता भांडताना पाहिलंय. तोवर मिल चालू होऊन गेलेली असायची.

अशा घाईत होणारी दुरुस्ती ही दुरुस्ती नसते. ती उधारी असते. कॅरियरच्या साखळीची एक कडी तुटली, जोडीची नवी कडी स्टोअरमध्ये नाही, मग शेजारची झिजलेली कडी वेल्डिंग करून पुढं ढकलायची. ज्यूस पंपाची ग्लँड गळते, बाही झिजलेली आहे हे दिसतंय, पण पंप खोलायला वेळ नाही, मग दोरीचे दोन वेढे जास्त घालून ग्लँड आवळायची. बेअरिंग तापतंय, तर त्यावर ओलं गोणपाट टाकून पाण्याची बारीक धार सोडायची आणि क्लिनिंगच्या दिवसापर्यंत ओढायचं. किराणा दुकानदार जसा वहीत लिहून माल देतो तसा कारखाना आम्हाला त्या रात्री चालू मिल देतो, आणि वहीत लिहून ठेवतो. फरक एवढाच, की इथं वही लिहायला दुकानदार नाही. ती घेणाऱ्यानंच लिहावी लागते.

तात्यांना लिहिता येत होतं, पण चष्म्याशिवाय दिसत नव्हतं आणि चष्मा मिल हाऊसमध्ये धुरकटायचा. म्हणून वही माझ्याकडे आली. शंभर पानी, वर भारतमातेचं चित्र. एखादं काम भागलं की हात पुसत ते म्हणायचे, "लिव्ह. आज भागवलं, पर देणं ऱ्हायलं." मी लिहायचो: दोन नंबर इंटरकॅरियर, डावी साखळी, कडी वेल्ड केली. एक नंबर ज्यूस पंप, बाही गेली, दोरीवर. फायब्रायझर, मागचं बेअरिंग, खालचा शिम पत्रा कापून घातला. तारीख, पाळी. सरकारी रजिस्टरात याच कामांची नोंद वेगळी असायची: 'दुरुस्त करून चालू केले.' दोन्ही खरंच. पण पुढच्या माणसाला उपयोगाचं फक्त एक.

एक रात्र सांगतो, कारण त्यात या कामातली सगळी अंगं आहेत. जानेवारीची थंडी, रात्री आठ ते पहाटे चारची पाळी. दोन नंबरचा इंटरकॅरियर थांबला. पट्टी वाकून साखळीत आडवी बसली होती. ती काढायची तर कॅरियरच्या पोटात उतरावं लागतं, खाली, रोलरच्या तोंडापाशी. उतरणार कोण, तर हेल्पर. तो बारीक असतो आणि नवा असतो. तात्यांनी मला मध्येच अडवलं. इलेक्ट्रिशियनला घेऊन पॅनेलपाशी गेले, त्या मोटरचे तिन्ही फ्यूज काढायला लावले आणि ते माझ्या हातात दिले. "खिशात घाल. हे तुज्या खिशात हायेत तवर ती मोटर कुणाच्या बापाला चालू व्हायची न्हाय." त्या काळात आमच्याकडे कुलूप लावून टॅग लटकवायची पद्धत आली नव्हती. नंतर आली, रंगीत कुलपं आली, परमिटचे फॉर्म आले आणि ते यायलाच हवे होते. पण त्यामागची अक्कल तीच: बटण जो आत आहे त्याच्या ताब्यात पाहिजे. मी खिशात चिनी मातीचे तीन जड फ्यूज घेऊन उतरलो. वर मिल फोरमन घड्याळ बघत उभे होते, ते एकदा ओरडले, "झालं का?" तात्या म्हणाले, "फ्यूज त्याच्या खिशात हायेत साहेब. त्यालाच इचारा."

1948 च्या कारखाना कायद्यात चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याच्या कपड्यांबद्दल स्पष्ट तरतूद होती. चालत्या यंत्राला तेल द्यायचं किंवा ते तपासायचं तर खास प्रशिक्षण घेतलेल्या माणसानं, आणि त्याच्या अंगात घट्ट बसणारे कपडे पाहिजेत, ते कपडेही मालकानंच द्यायचे. मला हे कलम कळलं तेव्हा मी नोकरीत बराच जुना झालो होतो. आमच्या वेळी हेल्परला मिळायचा तो ढगळ खाकी ड्रेस, एकाच मापाचा, सगळ्यांना. तात्या नव्या पोराच्या बाह्या पहिल्याच दिवशी कोपराच्या वर दुमडून दोऱ्यानं टाचून घ्यायला लावायचे. गळ्यातला गंडा, हातातलं कडं, लग्नातली अंगठी, सगळं टूल बॉक्समध्ये. कायदा त्यांनी वाचला नव्हता. एक बोट मात्र त्यांचं अर्धंच होतं.

त्या रात्री वाकलेली पट्टी काढली, घणानं सरळ केली, उलटी करून परत बसवली. पाऊण तास गेला. मी वर आलो, फ्यूज परत दिले. चालू झाल्यावर तात्या म्हणाले, "लिव्ह: पट्टी उलटी."

लोखंडाचं आणखी एक. ऊस बीडकडच्या टोळ्या तोडायच्या. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हिशेबही कोयत्यावर. अंधारात मोळ्या बांधताना, गाडी भरताना कोयता उसात राहून जातो आणि कारखान्यात येतो. त्याच्याबरोबर बैलाची नाल, गाडीची खीळ, साखळीचा तुकडा. कॅरियरवर मोठं चुंबक लावलेलं असतं, ते बहुतेक लोखंड उचलतं. पाळी बदलताना ते साफ करायचं काम माझं. जे उचललं जात नाही ते मिलमध्ये जातं आणि रोलरचे दात घेऊन जातं. पाठोपाठ ट्रॅश प्लेटचंही भलं होत नाही. तेवढ्यासाठी मिल थांबत नाही, चालत्या रोलरवरच दातांना वेल्डिंगचे ठिपके मारत राहायचं, आर्किंग म्हणतात त्याला. त्याचीही नोंद वहीत. चुंबकाला मिळालेले कोयते आम्ही मिल ऑफिसच्या दारामागच्या खिळ्याला अडकवायचो. सुरुवातीला मला वाटायचं, मालक शोधत येईल. एखादी टोळी आलीही, पण बहुतेक कोयते हंगामभर तिथंच लटकायचे. ज्याचा कोयता हरवला तो कारखान्यात येऊन विचारायला अर्धा दिवस घालवेल की नवा घेऊन तोडायला लागेल, हे सांगायला नको. आम्हाला मात्र ज्या रात्री रोलर कुरकुरायचा त्या रात्री शिव्या त्याच माणसाला द्यायची सवय. मी स्वतः त्या देणं सोडलं, कारण त्याचीही घाई आमच्याच घाईतून आलेली होती.

मार्च-एप्रिलमध्ये ऊस संपतो, भोंगा वाजतो, हंगाम संपतो. यंत्रांच्या दृष्टीनं खरं काम आता सुरू व्हायचं. आणि नेमकं इथंच माझं बाहेर जाणं होतं. मी हंगामी होतो. हंगामी कामगाराला बिगर हंगामात घरी पाठवतात, थोडा रिटेन्शन भत्ता देतात आणि पुढच्या हंगामाला बोलवतात. म्हणजे ज्या हातांनी कडी वेल्ड केली, पत्रा कापून शिम घातला, पट्टी उलटी बसवली, ते हात मिल खोलायच्या वेळी घरी, भुईमुगाच्या शेतात. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, पगाराचा हिशेब होता. पण कारखाना दरवर्षी आपली निम्मी आठवण एप्रिलमध्ये घरी पाठवतो, असं मला अजून वाटतं. पहिल्या वर्षी जाताना मी वही तात्यांना दिली. त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून टूल बॉक्सच्या तळाला ठेवली, अवजारांच्या खाली.

काही हंगामांनी मी कायम झालो, आणि पहिल्यांदा पावसाळा कारखान्यात काढला.

खोलणं हे बसवण्यापेक्षा अवघड असतं, हे मला तेव्हा समजलं. बसवताना चुकलं तर लगेच कळतं, बसतच नाही. खोलताना मात्र जे हरवतं ते चार महिन्यांनी कळतं. म्हणून मिलचा प्रत्येक भाग सुटा करण्याआधी त्यावर सेंटर पंचनं ठिपके मारायचे: एक ठिपका हेड साइड, दोन टेल साइड, आणि जोडीच्या भागावर तेवढेच. शिम काढले की ज्या बाजूचे त्याच बाजूला तारेत ओवून ठेवायचे, तारेला खडूनं लिहिलेला पत्र्याचा तुकडा. बोल्ट रॉकेलमध्ये धुवून पुन्हा आपापल्या भोकात अर्धे घालून ठेवायचे, ढीग करायचा नाही. हे सगळं हेल्परचं. फिटर वर्कशॉपमध्ये टर्नरशी रोलरच्या दातांवरून हुज्जत घालत असतो. रोलरचा व्यास किती झिजला, पुन्हा खाचा पाडल्या तर पुढचा हंगाम निघेल की नवं कवच चढवायला पाठवावं लागेल, हा निर्णय त्या हुज्जतीत होतो. हिशेबाच्या वहीत तो लाखांचा असतो.

बेअरिंगच्या गनमेटलच्या गाद्यांचं काम माझ्या आवडीचं. रोलरच्या जर्नलवर प्रशियन ब्लूचा पातळ हात फिरवायचा, गादी त्यावर ठेवून हलकीशी फिरवायची, उचलायची. जिथं निळे डाग तिथं उंचवटा. स्क्रेपरनं तेवढंच खरवडायचं. पुन्हा ब्लू, पुन्हा गादी. सुरुवातीला दोन-तीन ठिकाणी मोठे डाग, शेवटी गादीभर सारखे बारीक ठिपके. आयटीआयतली कानस इथं कामी आली, म्हणजे हात स्थिर ठेवायची सवय. बाहेर पाऊस पत्र्यावर असा कोसळायचा की जवळच्या माणसाला हाक मारावी लागायची, आणि मी दिवसभर एका गादीपाशी बसायचो.

नावडतं काम इव्हॅपोरेटरचं. रस आटवायच्या त्या भांड्यांत हजारांवर उभ्या नळ्या, आतून पापुद्र्यानं भरलेल्या. आधी कॉस्टिक सोडा उकळतात, मग माणूस आत उतरून प्रत्येक नळीत ब्रश घालतो. मॅनहोल एवढंसं, आत दमट उष्मा, कॉस्टिकचा थेंब कातडीवर पडला तर आधी निसरडं लागतं आणि मग जळजळ. हातातला दिवा 24 व्होल्टचाच पाहिजे, कारण लोखंडी भांड्यात, ओल्या अंगानं, 230 व्होल्टचा दिवा धरणं म्हणजे मरण. बाहेर मॅनहोलपाशी एक माणूस सतत बसलेला, त्यानं दुसरं काही करायचं नाही, फक्त आतल्याशी बोलत राहायचं. आमच्याकडे तो माणूस भजनं म्हणायचा. भजन थांबलं की आतला ओरडायचा, "आरं, हाईस का गेलास?" बॉयलरच्या ड्रममध्येही तसंच. फक्त तिथं शेवटी बाष्पके संचालनालयाचे निरीक्षक येतात. पाणी भरून पंपानं दाब चढवतात आणि सगळ्यांच्या नजरा नळ्यांच्या टोकांवर. एखादं टोक नुसतं घामेजलं तरी ती नळी एक्स्पांडरनं पुन्हा फुगवून घ्यायची. त्यांची सही झाल्याशिवाय अग्निप्रदीपनाचा मांडव पडत नाही. चेअरमनही तिथं थांबतात. मला वाटतं, सगळ्या कारखान्यात दुरुस्तीला एवढा मान फक्त तिथंच मिळतो, आणि तो मिळण्याचं कारण बॉयलर फुटला तर काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. झिजलेल्या पंपाच्या बाहीची भीती कुणालाच वाटत नाही.

तर उधारी फेडायची ती या महिन्यांत. तात्या पिशवीतून वही काढायचे आणि ओळीनं वाचायला लावायचे. जे झालं त्यावर मी फुली मारायचो. वेल्ड केलेल्या कड्या बदलल्या, फुली. उलटी पट्टी नवी टाकली, फुली. पण दरवर्षी काही ओळी राहायच्या. मागणी चीफ साहेबांच्या सहीनं परचेस खात्यात जायची, तिथून कोटेशनं, तिथून कमिटी. उत्तर ठरलेलं: या हंगामाला चालवून घ्या. सामान महाग होतं, पैसे उसाच्या बिलांना लागत होते, हेही खरं. मी संचालक असतो तर कदाचित मीही हेच केलं असतं. पण जानेवारीच्या रात्री जे मोडतं ते जुलैमध्येच मोडलेलं असतं, कागदावर. मोडल्यावर विचारलं जातं ते पाळीवरच्या फिटरला. राहिलेल्या ओळी मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यायचो. फायब्रायझरच्या मागच्या बेअरिंगखालचा तो पत्र्याचा शिम अशा किती वह्यांच्या पहिल्या पानावर आला, ते आता सांगवत नाही.

तात्या रिटायर झाले, मी फिटर झालो, कारखाना पाच हजार टनांवर गेला. वाफेवरच्या टर्बाइनांच्या जागी विजेच्या मोटरी आणि प्लॅनेटरी गिअर बॉक्स आले, सहवीज प्रकल्पाचा जास्त दाबाचा बॉयलर आला. बेअरिंगचं तापमान कंट्रोल रूममध्ये पडद्यावर दिसू लागलं. जुने लोक यावर नाकं मुरडतात, मी मुरडत नाही. तासातासाला तापलेल्या घरावर हात टेकवण्यात काही थोरवी नव्हती, आणि पडदा रात्री तीन वाजता पेंगत नाही. तंबाखू मळायला बाहेरही जात नाही. अडचण दुसरीच निघाली. आधी कायम हेल्पर असायचे, आता ठेकेदाराची पोरं. हुशार आहेत, पण या हंगामाला आलेलं पोरगं पुढच्या हंगामाला दुसऱ्या कारखान्यात असतं, किंवा चाकणला. शंभर पानी वही कुणाच्या हातात द्यायची?

मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मला वाटलं, सुटलो. तरुण इंजिनिअरनं कौतुकानं दाखवलं: प्रत्येक यंत्राला नंबर, नंबरावर क्लिक केलं की इतिहास. मी फायब्रायझर उघडून बघितला. यंत्राची स्थिती दोनच: चालू किंवा बंद. काम झालं की हिरवं. ओलं गोणपाट टाकून ओढलेलं बेअरिंग हिरवं, नवं बसवलेलंही हिरवं. मी त्याला म्हणालो, "साहेब, यात कसंबसं चालूला काय रंग हाय?" तो हसला. मी वही आणून दाखवल्यावर मात्र हसायचा थांबला. बराच वेळ पानं उलटत बसला. दोन दिवसांनी त्यानं एक पिवळी खूण आणि शेऱ्याचा रकाना वाढवून घेतला. मराठीत लिहिता येईल असा, कारण लिहिणार होतो आम्ही.

पोरांना सवय लागायला वेळ लागला. सुरुवातीला ती पिवळं करायला घाबरायची, वाटायचं आपल्या पाळीवर डाग लागला. मी म्हणायचो, "पिवळं करणाऱ्याला कुणी बोललं तर माझं नाव सांग." एकदोघांना बोललेही, आणि त्यांनी माझं नाव सांगितलं. हंगामाच्या मध्यावर शेरे भराभर यायला लागले: दोरीवर. पाण्यावर. शिम पत्र्याचा. कडी वेल्ड.

एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर इंजिनिअरनं पिवळ्या नोंदींची यादी छापली आणि मागणीपत्राला जोडून परचेस खात्याकडे पाठवली. कागद जाडजूड होता. दुसऱ्या दिवशी तिथल्या साहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज चढलेला. विचारत होते, गेल्या वर्षीपर्यंत सगळं व्यवस्थित होतं ना, मग या एका हंगामात एवढं सगळं एकदम कसं काय बिघडलं?